आऊटबोर्ड इंजिन कधी चालू होतं, कधी नाही: दोष कसा शोधावा

बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं आऊटबोर्ड इंजिन कायमचं बंद पडलं, तर ते दुरुस्त करणं त्यामानाने सोपं. खरा त्रास असतो तो सकाळी एका ओढीत चालू होणाऱ्या आणि दुपारी गंगापूर धरणाच्या मधोमध हटून बसणाऱ्या इंजिनाचा. प्लग बदलतात, कार्बोरेटर साफ करतात, पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी इंजिन नेमकं कधी अडतं ते बघा: गार असताना, तापल्यावर, की काही दिवस उभं राहिल्यावर? अर्धा शोध इथेच लागतो.

आधी फुकटच्या गोष्टी तपासा. गिअर पूर्ण न्यूट्रलमध्ये आहे का? किल स्विचची, म्हणजे इंजिन तातडीने बंद करणाऱ्या बटणाची, क्लिप घट्ट बसली आहे का? ही क्लिप झिजली की हलते आणि करंट तोडते.

मग प्लग काढा, पण इंजिन अडलेलं असतानाच. पाच-सहा वेळा दोरी ओढून लगेच बघा. प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला निघाला तर पेट्रोल येतंय, पण ठिणगी नाही किंवा इंजिन ओव्हरफ्लो झालं आहे, म्हणजे आत गरजेपेक्षा जास्त पेट्रोल गेलं आहे. ओव्हरफ्लो असेल तर चोकचा वापर थांबवून दहा-पंधरा मिनिटं थांबा, प्लग पुसून परत लावा आणि थ्रॉटल उघडा ठेवून ओढा.

प्लग कोरडा असेल तर टाकीपासून सुरुवात करा. झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करा. तो बंद राहिला की टाकीत हवा शिरत नाही आणि थोडा वेळ चालून इंजिन उपाशी मरतं. स्क्रू उघडताना ‘फुस्स’ आवाज आला तर हाच दोष असू शकतो. नंतर नळीवरचा रबरी फुगा दाबा. त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. काही वेळा दाबल्यावर तो कडक झाला पाहिजे. कडक होत नसेल तर कुठून तरी हवा ओढली जाते, आणि ती जागा बहुतेक वेळा नळीच्या कनेक्टरमधली रबरी रिंग असते. गंमत अशी की तिथून पेट्रोल बाहेर गळतच नाही, त्यामुळे कुणाचं लक्ष जात नाही. इंजिन आचके देत असताना फुगा दाबल्यावर ते सावरलं, तर दोष टाकी, नळी किंवा इंधन पंपात आहे. कार्बोरेटर खोलायची घाई नको.

काही दिवस उभं राहिल्यावरच अडत असेल तर पेट्रोलवर संशय घ्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत अर्धी रिकामी टाकी ठेवणं म्हणजे पाण्याला आमंत्रण. टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर सगळं पेट्रोल बदला. कार्बोरेटरच्या वाटीतलंही काढून टाका, त्यासाठी तळाला स्क्रू असतो. निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत सकाळी इंजिनाने फक्त चोक मागितला, तर तो दोष मानू नका.

तापल्यावरच बंद पडून गार झाल्यावर पुन्हा चालू होत असेल, तर इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी तारेची गुंडाळी, बघा. तापल्यावर तिची वायंडिंग करंट सोडते, गार झाली की पुन्हा चांगली चालते. म्हणून ठिणगी गरम इंजिनावरच तपासा: प्लग कॅपमध्ये घालून त्याचं धातूचं अंग इंजिनाच्या धातूला टेकवा आणि दोरी ओढा. निळी, जोरदार ठिणगी हवी. पेट्रोलची टाकी आणि ओली चिंधी लांब ठेवा, कॅप उघड्या हातात धरू नका.

सेल्फ स्टार्ट असेल आणि नुसता ‘टक’ आवाज येत असेल तर बॅटरीची टोकं घासून घट्ट करा. भरलेली 12 व्होल्टची बॅटरी विसावलेल्या स्थितीत 12.6 च्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली गेला तर बॅटरी अशक्त झाली आहे.

घरी तपासताना खालचा भाग पाण्याच्या ड्रममध्ये बुडलेला हवा. कोरडं चालवलं की पाण्याच्या पंपाचं रबरी इम्पेलर (पात्यांचं चाक) काही सेकंदांतच खराब होऊ शकतं. एवढं करूनही अडलं तर मिस्तरीकडे जाताना तीन गोष्टी लिहून न्या: गार की गरम, प्लग ओला की कोरडा, ठिणगी होती की नव्हती. आणि दोष सापडेपर्यंत वल्ही आणि लाइफ जॅकेट घेतल्याशिवाय बोट पाण्यात ढकलू नका.