एक गिटार, दोन अ‍ॅम्प: आधी घरघर घालवा, मग फेज जुळवा

एकाच गिटारचा आवाज दोन अ‍ॅम्पमधून (अ‍ॅम्प्लिफायर) काढायचा असेल, तर ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन हे आवाज खरखरीत करणारे पेडल मोनोतच, म्हणजे एकाच सिग्नलवर, राहू द्या. सिग्नलचे दोन भाग शेवटच्या स्टिरिओ डिलेपाशी (दोन आउटपुट असलेलं, प्रतिध्वनी देणारं पेडल) करा. दोन्ही अ‍ॅम्प जोडताच घरघर सुरू झाली, तर बहुतेक वेळा तो ग्राउंड लूप (दोन्ही अ‍ॅम्पच्या अर्थिंगमधून तयार होणारं बंद वर्तुळ) असतो. त्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका, जिवावर बेतेल! डिलेच्या एका आउटपुटवर ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन अर्थिंगची जोडणी तोडणारी डबी) लावा, शक्यतो फेजचं, म्हणजे सिग्नल उलटा करणारं, बटण असलेला.

मग डिलेचा मिक्स (प्रतिध्वनीचं प्रमाण) शून्यावर आणा, अ‍ॅम्प शेजारी ठेवा आणि जाड सहावी तार छेडा. एकटा अ‍ॅम्प दमदार, पण दोन्ही मिळून खर्ज पातळ? म्हणजे एकाचा फेज उलटा आहे. बटण दाबा, खर्ज लगेच भरून येतो. त्यानंतरच अ‍ॅम्प दोन-तीन मीटर लांब सरकवा.