नांदूर मध्यमेश्वरला आमच्यासोबत पक्षी बघायला येताना

नाशिक जिल्ह्यातल्या या पाणथळीवर चापडगावच्या बाजूने येणार असाल तर उजाडायच्या आत पोहोचा. सूर्य पाठीशी राहील अशीच जागा धरा, ऊन समोरून आलं की सगळी बदकं काळीच दिसतात. कपडे मातकट रंगाचे, पांढरा शर्ट नको.

दुर्बीण लगेच डोळ्यांना लावू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी पाणी न्याहाळा. वारकऱ्यांचा, म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या काळ्या पाणपक्ष्यांचा थवा ऐसपैस पसरलेला असतो. तो एकाएकी गोळा होऊन दाटला, की वर बघा, दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी फिरत असणार! पाणवनस्पतींवर कमळपक्षी शोधा. त्याची लांबलचक बोटं तरंगत्या पानांवर फाकतात आणि भार वाटला जातो. हे पाच मिनिटं तरी बघाच, यादी काय, नंतरही वाढेल.

गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्यात गाळ साचून ही पाणथळ तयार झाली. २०२० साली ती महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरली.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं आमच्याकडे चालत नाही. फोटोसाठी थवा उडवणं तर त्याहून वाईट. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाची ताकद आपण फुकट घालवतो.

नोंद जागेवरच करा. नावापुढे अंदाजे संख्या आणि वेळ हवीच.