‘कोहा’ या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये भेट पुस्तकाची किंमत कुठे लिहावी?

भेट पुस्तकाची छापील किंमत खरेदीच्या रकान्यात गेली, की वर्षअखेरीस बेरीज बिलांशी जुळत नाही. किंमत गाळली, तर पुस्तक हरवल्यावर वसूल काय करायचे?

प्रत नोंदवताना ९५२ मध्ये (प्रतीच्या माहितीचा रकाना; ई, जी, व्ही हे त्याचे उपरकाने):

१. ई (पुस्तक कुठून मिळाले): आधी ‘भेट’, मग देणगीपत्राचा क्रमांक. ‘भेट’, ‘देणगी’, ‘दान’ अशी सरमिसळ नको. शोधताना पुस्तके गळतात.
२. जी (खरेदी किंमत): ०.
३. व्ही (बदली किंमत): छापील किंमत. हरवलेल्या प्रतीची आकारणी हिच्यावरून होते.

मात्र गठ्ठा आल्या आल्या दाखल क्रमांक (ग्रंथालयाच्या दाखल नोंदीतला क्रमांक) टाकू नका. कालबाह्य आवृत्त्या, जादा प्रती, वाळवी लागलेली पुस्तके आधी बाजूला काढा. क्रमांक पडल्यावर पुस्तक काढायचे, तर निर्लेखनाची (पुस्तक नोंदीतून रीतसर कमी करण्याची) सगळी प्रक्रिया करावी लागते.