'पर्यावरणपूरक' लिहिलंय म्हणून घेताय? या चुका टाळा

जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याला आमचं किराणा दुकान आहे आणि गावाबाहेर थोडं वावर. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने हिरव्या पिशव्यांचा गठ्ठा आणला. पिशवीवर पान छापलेलं, खाली 'बायोडिग्रेडेबल, मातीत मिसळणारी'. भाव साध्या पिशवीपेक्षा जास्त होता, तरी घेतल्या. 'ही फेकली तरी माती होते' असं गिऱ्हाइकांना मीच सांगत होतो. त्यातली एक आईने वावरातल्या उकिरड्यात गाडली. दोन पावसाळे गेले. खत उपसताना फावड्याला ती लागली. छापलेलं पानसुद्धा पुसलं नव्हतं. आई म्हणाली, "हाई थैली ते जशीनी तशी शे, भाऊ!"

कपाशीच्या बियाण्याचं रिकामं पाकीट, त्यावरचा टॅग, लॉट नंबर आणि बिल आम्ही वेचणी होईपर्यंत जपून ठेवतो. बियाणं उगवलं नाही तर तक्रार करताना तेच दाखवावं लागतं. पिशव्या घेताना मात्र मी यातलं काहीच मागितलं नव्हतं. तेव्हापासून हिरवा दावा दिसला की तीन गोष्टी विचारतो: हा दावा मालाच्या नेमक्या कोणत्या भागाचा, किती भागाचा, आणि कंपनी सोडून दुसऱ्या कोणी तो तपासलाय का. पुढच्या चुका मी स्वतः केलेल्या किंवा दुकानात रोज पाहिलेल्या आहेत.

'बायोडिग्रेडेबल' म्हणजे उकिरड्यात कुजणारं, असं धरून चालणं

'बायोडिग्रेडेबल' या शब्दात किती दिवसांत आणि कुठे, हे काहीच येत नाही. काही पिशव्या तर साध्याच प्लास्टिकच्या असतात. त्यात एक रसायन घातलेलं असतं, त्यामुळे उन्हात त्यांचे तुकडे तुकडे होतात. माती होत नाही, बारीक प्लास्टिक होतं, आणि ते वावरातून वेचणंही मग शक्य नसतं. युरोपीय संघाने अशा मालाच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी घातली आहे.

'कंपोस्टेबल', म्हणजे कुजून खत होणारं, हा शब्द जास्त काटेकोर आहे. त्यासाठी आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे. पण त्यातली चाचणी साधारण ५८ अंश तापमानाच्या कंपोस्टमध्ये होते आणि १८० दिवसांपर्यंत चालते. मोठ्या खत प्रकल्पात एवढी उष्णता सतत टिकते. आपल्या उकिरड्यात ती टिकत नाही, नाल्यात तर नाहीच. म्हणजे प्रमाणपत्र खरं असलं तरी पिशवी योग्य ठिकाणी पोहोचली तरच ती कुजते. तुमच्या नगरपालिकेकडे तसा प्रकल्प नसेल तर त्या शब्दासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

हा शब्द इतक्या पिशव्यांवर का दिसतो, याचंही कारण आहे. केंद्राच्या नियमानुसार ३१ डिसेंबर २०२२ पासून साधी प्लास्टिक कॅरीबॅग किमान १२० मायक्रॉन जाडीची लागते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कंपोस्टेबल पिशवीला जाडीची ही अट नाही. पातळ पिशवी विकायची तर 'कंपोस्टेबल' छापणं हा सोपा रस्ता होतो. म्हणून पिशवीवर उत्पादकाचं नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक बघा. अशा उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि मंडळाच्या संकेतस्थळावर त्यांची यादी असते. यादीत नाव नसेल तर छापलेलं पान सोडा आणि ती साधी प्लास्टिकची पिशवी समजा.

हाताला कापडासारखी लागली म्हणून कापडी समजणं

लग्नात, साड्यांच्या दुकानात, मिठाईवाल्याकडे मिळणारी ती मऊ, रंगीत, बारीक ठिपक्यांची पिशवी नॉनवोव्हन, म्हणजे न विणलेली, पॉलिप्रॉपिलीनची. पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिकच. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून घराबाहेर जाळून पाहा. सुताची राख होते, प्लास्टिकचा धागा वितळून त्याचा टणक मणी होतो. ती पिशवी पुन्हा पुन्हा वापरा, मजबूत असते. फक्त तिला कापडी म्हणू नका. कागदी चहाच्या कपाचंही तेच. चहा गळू नये म्हणून आतून बहुतेक वेळा प्लास्टिकचाच थर दिलेला असतो.

त्रिकोणी बाण दिसला की 'रिसायकल होतं' म्हणणं

बाणांच्या त्रिकोणातला १ ते ७ हा आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. त्याचं पुढे काय होईल, हे तो सांगत नाही. जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटयांचे कारखाने आहेत, जुन्या प्लास्टिकचं पुढे काय होतं हे आपल्या भागाला जवळून माहीत आहे. तुमचा भंगारवाला ती वस्तू घेतो का, तेवढं विचारा. चिप्सच्या चकचकीत पाकिटावर काहीही छापलेलं असो, भंगारवाला ते घेत नाही.

कायद्याने बंदीच असलेली गोष्ट 'आमच्यात नाही' म्हणून विकली जाते, ती गुण समजणं

आपल्या भागात हे केळीत दिसतं. 'कार्बाइडमुक्त केळी' असा फलक लावून डझनामागे पाच-दहा रुपये जास्त घेतले जातात. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला देशभर बंदीच आहे. रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोलीत, इथिलीन वायू वापरता येतो, तोही १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग). म्हणजे तो फलक 'मी कायदा पाळतो' एवढंच सांगतो. फ्रिजवरचं 'सीएफसी नाही' हेही तसंच, कारण ओझोनचा थर विरळ करणाऱ्या या वायूचा भारतातला वापर मॉन्ट्रियल करारानुसार २०१० पासूनच बंद झालेला आहे. असा दावा खोटा नसतो, पण त्याच्यासाठी वेगळे पैसे देऊ नका.

'ऑरगॅनिक कॉटन'चं लेबल वाचून थांबणं

या ठिकाणी मी जरा जास्त बोलणार, कारण हा आपल्या वावराचा माल आहे.

सेंद्रिय कापसात जनुकीय बदल केलेलं बियाणं चालत नाही. बीटी कपाशी अशाच बियाण्याची. तिला आपल्याकडे २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आज जळगाव, धुळे, नंदुरबारात बीटी नसलेलं बियाणं शोधावं लागतं. त्यात रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळताना वार्षिक पिकाला दोन वर्षं संक्रमणाची. एवढं सगळं करणारे शेतकरी आहेत, पण थोडे आहेत. बाजारात 'ऑरगॅनिक'ची कुर्ती किती स्वस्त आणि किती ढिगाने मिळते ते पाहिलं, की शंका यायलाच हवी.

कापडासाठी सगळ्यात ओळखीचं प्रमाणपत्र जीओटीएस (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाईल स्टँडर्ड). त्यातही दोन पायऱ्या आहेत. नुसतं 'ऑरगॅनिक' लिहायचं तर किमान ९५ टक्के धागा सेंद्रिय हवा. 'अमुक टक्के सेंद्रियपासून बनवलेलं' असं असेल तर किमान ७० टक्के. लेबलवर चिन्हाबरोबर प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक असतो, तो जीओटीएसच्या संकेतस्थळावर शोधता येतो. नुसतं चिन्ह असेल आणि क्रमांक नसेल तर ते चिन्ह मोजू नका.

क्रमांकही स्वतः शोधायचा, हे सांगण्यामागे कारण आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये जीओटीएसनेच जाहीर केलं, की भारतात सुमारे २०,००० टन कापसाची सेंद्रिय व्यवहार प्रमाणपत्रं, म्हणजे विकलेला माल सेंद्रिय असल्याचे कागद, बनावट निघाली. त्या कागदांवर क्यूआर कोड होता आणि तो स्कॅन केला की सरकारी संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल उघडत होती. म्हणून लेबलवरचा कोड हा पुरावा नाही. संस्थेचं संकेतस्थळ आपल्या हाताने टाईप करून उघडा.

'बेटर कॉटन' हा शब्दही सेंद्रिय म्हणून विकला जातो. तो वेगळा कार्यक्रम आहे. पाणी, फवारणी, मजुरांच्या स्थितीत सुधारणा हा त्याचा भर. त्यात बीटी चालते. आणि त्याच्या हिशेबाच्या एका पद्धतीत गिरणीने तेवढा कापूस खरेदी केला एवढंच पाहतात. तुमच्या हातातल्या शर्टात तो कापूस असेलच असं नाही. कार्यक्रम वाईट नाही, त्याला सेंद्रिय म्हणणं चूक.

लोगो नाही म्हणून शेजारच्या शेतकऱ्याला खोटं ठरवणं

ही उलट्या बाजूची चूक आहे आणि ती मला जास्त खटकते. पॅकबंद सेंद्रिय डाळ-तांदळावर 'जैविक भारत' हे सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह हवं. पण वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला छोटा उत्पादक थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. बाजारात तूर किंवा वांगी घेऊन बसलेल्या काकांना लोगो विचारू नका. खत काय घातलं, किडीला काय फवारलं, शेजारच्या वावरातली फवारणी कशी अडवता, हे विचारा. खरं करणारा माणूस अर्धा तास सांगत बसतो.

जुन्या लेबलवरचे तारे मोजणं

आपल्या उन्हाळ्यात एसी किंवा पंखा घेताना लेबलवरचे वीजबचतीचे तारे बघणं बरोबरच, पण लेबलवरचं वर्षही बघा. निकष वेळोवेळी कडक होतात. एसीचे जुलै २०२२ मध्ये झाले, तेव्हा आधीचे पाच ताऱ्यांचे एसी नव्या मोजणीत साधारण एक तारा खाली आले. शिवाय तारे विजेपुरतेच बोलतात, खोक्याच्या थर्माकोलबद्दल किंवा आतल्या वायूबद्दल नाही.

'कार्बन न्यूट्रल' आणि '२०४० पर्यंत' वाचून समाधान मानणं

'कार्बन न्यूट्रल' बिस्किटाचा अर्थ बहुतेक वेळा असा, की कारखान्याचा धूर आहे तसाच आहे आणि कुठेतरी झाडं लावायला पैसे दिले आहेत. कुठे लावली, किती जगली? सातपुड्यात रोपं लावणं आणि ती तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत जगवणं यातला फरक आपल्याला कोणी सांगायला नको. '२०४० पर्यंत धूर कमी करू' असल्या पुढच्या वर्षांच्या वायद्याबद्दल एकच विचारा: या वर्षी किती कमी झाला?

फसलो कळल्यावर पिशवी फेकून गप्प बसणं

मी तेच केलं, तुम्ही करू नका. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हरित दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन', 'नॅचरल' असले शब्द आधाराशिवाय वापरता येत नाहीत. दावा पूर्ण वस्तूचा, वेष्टनाचा की बनवण्याच्या प्रक्रियेचा, तेही स्पष्ट लिहावं लागतं. भ्रामक जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत.

लेबलच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा, बिल जपा. कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा आणि वरचे तीन प्रश्न विचारा. उत्तर न येणं हाही तक्रारीला जोडायचा कागद आहे. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

गेल्या महिन्यात दुकानात दुसरा एक विक्रेता तशाच हिरव्या पिशव्या घेऊन आला होता. त्याला प्रमाणपत्राचा क्रमांक मागितला. त्याने मोबाईलवर एका कागदाचा फोटो दाखवला. त्यावर नाव वेगळ्याच कंपनीचं होतं. तो गठ्ठा मी घेतला नाही. गिऱ्हाइकांना घरून थैली आणायला सांगतो, आणि आता बहुतेक जण आणतात.