ठाणे की ऐरोली? भाड्याचं घर शोधताना

नोकरी रबाळे एमआयडीसीत असेल तर घराआधी शिफ्ट बघा. सकाळी सातची शिफ्ट आणि घर घोडबंदर रोडला, हे गणित जमत नाही. ठाणे स्टेशनजवळ मिळालं तर घ्या. ट्रान्स-हार्बर लोकल तिथूनच सुटते. दिघा गाव, ऐरोली, मग लगेच रबाळे स्टेशन.

मग पाणी. ऐरोली नवी मुंबईत येते, आणि नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे. ठाण्यात मात्र वॉचमनला गाठून टँकर किती येतात ते काढून घ्या, एजंट सांगणार नाही.

ऐरोलीत सेक्टर नंबर पाठ केला की पत्ता सापडतो. पण डिपॉझिट देण्याआधी रात्री दहानंतर एक चक्कर मारा आणि कारखान्यांचा वास येतो का बघा. मिसळ? ती मामलेदारचीच, त्यासाठी रविवारी ठाण्याला या.