मराठी रॅप लिहिताना क्रियापद कुठे ठेवायचं

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७३च्या सुमारास सुरू झालेलं हिप हॉप जपान आणि कोरियात पोचलं, तेव्हा तिथल्या रॅपरांना जी अडचण आली तीच मराठीत लिहिणाऱ्याला येते: वाक्य क्रियापदावर संपतं. मग प्रत्येक ओळीला ‘धावतो-ठेवतो-बघतो’. यात जुळतो तो फक्त प्रत्यय, आणि चौथ्या ओळीपर्यंत ऐकणाऱ्याला पुढचं यमक आधीच कळलेलं असतं. जपानी रॅपर ओळ नामावर तोडू लागले. कोरियात व्हर्बल जिंट या रॅपरने २००१च्या सुमारास शब्दाच्या पोटातले स्वर जुळवायला घेतले. मराठीत या दोन्ही युक्त्या चालतात.

आधी बीट, म्हणजे मागे वाजणारा ताल, निवडा. सुरुवातीला ९० बीपीएमचा (मिनिटाला ९० ठोके) साधा बूम बॅप घ्या, म्हणजे स्नेअर ड्रमचा कडक आवाज दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो. या वेगाला चार ठोक्यांचा एक बार २.६७ सेकंदांचा होतो आणि १६ बारांचं कडवं साधारण ४३ सेकंदांत संपतं. एका बारमध्ये १० ते १२ उच्चार ठेवा. उच्चार मोजायचे ते तोंडातून निघतात तसे, कागदावरची अक्षरं नव्हेत. ‘पावसात’ लिहिताना चार अक्षरं, बोलताना दोनच उच्चार: पाव्-सात्. अक्षरं मोजून लिहिलेली ओळ बीटवर आखूड पडते ती यामुळेच.

आता ओळ. पहिला खर्डा असा असतो:

सकाळी मी लोकल पकडायला धावतो
गर्दीत दारात पाय कसाबसा ठेवतो

क्रियापद शेवटून उचला आणि शेवटी नाम किंवा विशेषण आणा:

धावतो पकडायला सकाळची लोकल
पाय दारात, खिसा कधीचाच पोकळ

दोन्ही ओळींत दहा-दहा उच्चार आहेत. ‘ल’ आणि ‘ळ’ वेगळे असले तरी ओ-अ हे स्वर जुळतात, आणि रॅपमध्ये कान स्वरच पकडतो. दुसऱ्या ओळीत तर क्रियापदच नाही. मराठीत क्रियापदाशिवाय वाक्य सहज उभं राहतं, ही आपली मोठी सोय आहे, ती भरपूर वापरा. पण तिसऱ्या ओळीला ‘मोकळं’ आणलंत तर फसाल. कागदावर ते जुळतं, बोलताना मात्र ‘मोक्-ळं’ होतं आणि दुसऱ्या उच्चाराचा स्वरच बदलतो. ‘घरात-दारात-मनात’ ही विभक्तीची यमकंही क्रियापदाच्या यमकांइतकीच कच्ची.

‘लो’ आणि ‘पो’ आपापल्या बारच्या चौथ्या ठोक्यावर, अगदी स्नेअरवर बसवा, ‘कल’ आणि ‘कळ’ त्यापुढच्या अर्ध्या ठोक्यावर. यमक पुढच्या बारमध्ये सांडत असेल तर वेग वाढवू नका, शब्द कापा. ‘मी’, ‘तर’, ‘मग’, ‘आहे’ हे आधी जातात. कर्ता बहुतेक वेळा क्रियापदाच्या रूपातूनच कळतो.

प्रत्येक ओळ उलटी केली की भाषा नाटकी होते. म्हणून बीट बंद करून ओळ साधी बोलून बघा. असं कुणी बोलत नसेल तर ती पुन्हा लिहा.

शेवटचं यमक पक्कं झालं की ओळीच्या आत जा. अमेरिकन रॅपर राकिमने १९८७ मध्ये इंग्रजी रॅपमध्ये आतल्या यमकांची घडी बसवली. मराठी कानाला हे नवं नाही. मोठ्या अभंगाचे चरण ६-६-६-४ अक्षरांचे असतात आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात जुळतं, चौथा मोकळा सुटतो. हीच रचना बारमध्ये आणा: पहिलं यमक पहिल्या बारच्या चौथ्या ठोक्यावर, त्याचं जोडीदार दुसऱ्या बारच्या दुसऱ्या ठोक्यावर, आणि उरलेल्या जागेत क्रियापद. त्याला तिथे यमकाचं ओझं नसतं, त्यामुळे ते आपल्या नैसर्गिक जागी, वाक्याच्या शेवटी बसतं. ही मांडणी जमायला वेळ लागतो, पण मराठीला सर्वांत जास्त शोभते तीच.

श्वासाची जागा दर दोन बारनंतर लिहूनच ठेवा. आधी ७५ बीपीएमवर पाठ करा, मग ९०वर या. रेकॉर्डिंगला माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, किंचित तिरका धरा, कारण ‘फ’, ‘भ’ यांची हवा सरळ माइकवर आदळली की धप्प असा आवाज येतो आणि तो नंतर नीट काढता येत नाही. मुख्य टेक झाल्यावर दुसऱ्या ट्रॅकवर फक्त यमकाचे शब्द पुन्हा म्हणा आणि त्या ट्रॅकचा आवाज कमी ठेवा.