मोल्सवर्थ आडनावाचा माग काढताय? मग या चुका टाळा

मराठीत "मोल्सवर्थमध्ये बघ" असं म्हटलं की ते माणसाचं नाव आहे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही, तो सरळ शब्दकोश असतो. १८३१ ची पहिली आवृत्ती, १८५७ ची सुधारलेली दुसरी, आणि त्यावर जेम्स थॉमस मोल्सवर्थचं (Molesworth) नाव. मी पण तसाच त्या आडनावाकडे ओढला गेलो, म्हणजे आधी शब्द शोधायला कोश उघडला आणि मग एक दिवस प्रश्न पडला की अरे हे आडनाव तरी कुठलं, इंग्लंडात कितीसे लोक लावतात हे? तर अगदी थोडे लावतात. दुर्मिळ आडनाव आहे, आणि दुर्मिळ म्हणजे शोधायला सोपं असं आपल्याला वाटतं, तिथूनच घोळ सुरू होतात. ज्या चुका मी केल्या आणि इतरांना करताना बघतो त्या इथे लिहितोय, दुसरं कुठलंही ब्रिटिश आडनाव शोधत असाल तरी बऱ्याचशा उपयोगी पडतील.

गावाचं नाव सापडलं म्हणजे काम झालं असं समजणं

मोल्सवर्थ नावाचं गाव खरंच आहे, जुन्या हंटिंग्डनशरमध्ये, एवढंसं. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीन-पाहणीच्या दप्तरात, त्याची नोंद आहे. नावातला "वर्थ" म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, आपल्याकडची वाडी म्हणा ना, आणि पुढचा भाग मूल नावाच्या कुणा जुन्या इंग्रज माणसाचा. म्हणजे मूलची वाडी. इंग्रजीतल्या "मोल"शी, म्हणजे अंगावरच्या तिळाशी किंवा बिळं करणाऱ्या त्या प्राण्याशी काही संबंध नाही, त्या व्युत्पत्त्या नेटवर दिसल्या तर सोडून द्या.

आता चूक कुठे होते, तर लोक नकाशा उघडतात आणि हंटिंग्डनशरवर मोल्सवर्थांची गर्दी शोधतात, ती दिसली नाही की म्हणतात व्युत्पत्तीच चुकली. अहो, चिपळुणात कुणी कुणाला चिपळूणकर म्हणतं का? तिथे सगळेच चिपळूणचे. चिपळूण सोडून पुण्यात आलात की मग लोक तुम्हाला चिपळूणकर म्हणायला लागतात. इंग्लंडातली गावावरून पडलेली आडनावं बरीचशी अशीच आहेत, गाव सोडलेल्या माणसाला चिकटलेली. मराठी माणसाला हे समजायला एक मिनिट लागत नाही, फक्त इंग्रजी आडनाव समोर आलं की आपण आपलं हे ज्ञान बाजूला ठेवतो.

आणि सर्च करताना जिल्ह्याचं भान ठेवा. हंटिंग्डनशर काउंटी १९७४ पासून केंब्रिजशरमध्ये आहे. जुनी कागदपत्रं हंटिंग्डनशरखाली, नवी केंब्रिजशरखाली, दोन्ही नावांनी शोधलं नाही तर अर्धं राहून जातं.

दुर्मिळ आडनाव म्हणजे एकच घराणं असं धरून चालणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात जास्त फॅमिली ट्री हिनेच बिघडलेत, म्हणून इथे जरा थांबतो.

दोन फांद्या तरी डोळ्यासमोर ठेवायलाच हव्यात. एक कॉर्नवॉलची. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात जॉन मोल्सवर्थ नावाचा माणूस डची ऑफ कॉर्नवॉल या राजघराण्याच्या जहागिरीचा ऑडिटर म्हणून तिकडे गेला, तिथल्या हेंडर घराण्यातल्या मुलीशी लग्न केलं आणि बॉडमिनजवळच्या पेनकॅरोमध्ये घर बसलं. आता गंमत बघा, त्या बाईचं माहेरचं आडनाव पुढे मुलांचं पहिलं नाव म्हणून उतरलं. जमैकाचा गव्हर्नर झालेला आणि १६८९ मध्ये बॅरोनेट (वंशपरंपरेने चालणारा किताब) झालेला माणूस म्हणजे सर हेंडर मोल्सवर्थ. त्यामुळे जुन्या नोंदीत हेंडर मोल्सवर्थ असं दिसलं की पहिलं बोट कॉर्नवॉलवर ठेवा, ही खूण मला फार कामाला आली. जवळच्या वेडब्रिज गावातला मुख्य रस्ता आजही मोल्सवर्थ स्ट्रीट आहे.

दुसरी फांदी आयर्लंडची. क्रॉमवेलच्या धामधुमीच्या काळात रॉबर्ट मोल्सवर्थ नावाचा एक व्यापारी डब्लिनमध्ये मोठा झाला, त्याच्या त्याच नावाच्या मुलाला १७१६ मध्ये व्हायकाउंट मोल्सवर्थ ऑफ स्वर्ड्स ही पदवी मिळाली. डब्लिनमध्ये लेन्स्टर हाउसच्या समोर येऊन टेकणारा मोल्सवर्थ स्ट्रीट या घराण्याचा. आयर्लंड बघायचं म्हणजे अडचण एकच पण फार मोठी, १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये पब्लिक रेकॉर्ड ऑफिस जळालं आणि जुन्या जनगणनेची बहुतेक कागदं गेली. १९०१ आणि १९११ च्या पूर्ण आहेत, फुकट बघता येतात. त्याच्या मागे जायचं तर मृत्युपत्रांचे सारांश, जमिनीची दप्तरं, चर्चची रजिस्टरं असं चिकाटीने गोळा करावं लागतं.

आणि तिसरी गोष्ट, जी फांदी नाहीच. चेशरमध्ये मोल्ड्सवर्थ नावाचं वेगळं गाव आहे, मध्ये एक "ड" जास्त. त्या गावावरून आलेला माणूस आणि मूलच्या वाडीवरून आलेला माणूस, दोघांचा काडीचा संबंध नसताना एखाद्या घाईत असलेल्या कारकुनाने दोघांना एकाच स्पेलिंगमध्ये बसवलेलं असू शकतं. म्हणून लँकेशर-चेशरकडचा मोल्सवर्थ दिसला की लगेच कॉर्नवॉलला जोडू नका आणि लगेच मोल्ड्सवर्थलाही जोडू नका. रॉचडेलचंच बघा, तिथे एकोणिसाव्या शतकात जॉन एडवर्ड नॅसॉ मोल्सवर्थ व्हिकार, म्हणजे तिथल्या चर्चचे पाद्री, होते आणि त्यांचा मुलगा विल्यम नॅसॉ इतिहासकार म्हणून नावाजला. पण ते लँकेशरमध्ये आले चर्चच्या नेमणुकीमुळे, मूळ तिथलं म्हणून नाही. पाद्री, सैन्यातले अधिकारी, कस्टमचे लोक यांची बदली होते, त्यांच्या घराचा ठिपका नकाशावर पडला की तो नोकरीचा ठिपका असतो.

एकाच स्पेलिंगवर अडून बसणं

सतराव्या-अठराव्या शतकातल्या छपाईत शब्दाच्या मधला "एस" लांब काढायचे, तो हुबेहूब "एफ"सारखा दिसतो. कॉम्प्युटरने ती पानं वाचली की मोल्सवर्थचं मोलेफवर्थ होतं. सर्चमध्ये मुद्दाम "एस"च्या जागी "एफ" टाकून बघा, जुनी पुस्तकं आणि पेपर धडाधड उघडतील. हे कळायच्या आधी मी कितीतरी महिने "काहीच सापडत नाही" म्हणत होतो.

काही साइटवर साउंडेक्स नावाची सोय असते, सारख्या उच्चाराची नावं एकत्र आणणारी. तिच्यावर डोळे झाकून विसंबू नका. मोल्सवर्थचा कोड येतो एम-४२६, आणि मधला "ई" गाळला तरी तोच येतो, इथपर्यंत ठीक. पण "ड" शिरला की कोड एम-४३२ होतो आणि ती नोंद तुमच्या यादीतून गुपचूप गळते. त्यापेक्षा तारांकन (*, कुठल्याही अक्षरांच्या जागी चालतं) वापरून शोधा, म्हणजे एम, तारा, एल, तारा, वर्थ. आणि हस्ताक्षरात मोठा "एम" हा "डब्ल्यू" किंवा "एच"सारखाही वाचला जातो, तेव्हा पहिल्या अक्षराच्या जागी पण तारा टाकून एकदा बघाच.

देवनागरीत शोधणाऱ्यांनी तर जास्तच जपायचं. मोल्सवर्थ, मोलस्वर्थ, मोलेस्वर्थ, मोल्सवर्थसाहेब, आपल्या जुन्या मजकुरात सगळं सापडतं.

नकाशावरच्या गडद रंगाला भुलणं

आडनावांचे नकाशे दाखवणाऱ्या साइट बहुतेक १८८१ ची जनगणना वापरतात. तिचा इंडेक्स स्वयंसेवकांनी उतरवलेला आहे आणि फार उपयोगी आहे, पण नकाशाचा रंग संख्येचा आहे की प्रमाणाचा हे आधी बघा. एक उदाहरण करून दाखवतो, आकडे समजा म्हणून. रटलंड ही इवलीशी काउंटी, १८८१ मध्ये तिची वस्ती सुमारे २१ हजार. तिथे समजा आठ माणसांचं एकच कुटुंब हे आडनाव लावतंय, तर प्रमाण झालं लाखामागे ३८. लंडनची वस्ती तेव्हा सुमारे ३८ लाख, तिथे समजा ६० जण आहेत, प्रमाण लाखामागे दीडच्या आसपास. नकाशावर रटलंड लालभडक, लंडन फिकट. आणि लोक लिहून मोकळे होतात की घराणं मूळचं रटलंडचं! ते कुटुंब पुढच्या वर्षी घर बदलून गेलं की तो लाल रंगही त्यांच्याबरोबर गेला.

दुर्मिळ आडनावात असं होणारच, कारण आकडेच लहान. मग करायचं काय, तर नकाशा आपण स्वतः बनवायचा, आणि राहण्याच्या जागेवरून न बनवता जन्माच्या जागेवरून बनवायचा. १८५१ पासूनच्या जनगणनेत प्रत्येकाचं जन्मगाव लिहिलेलं असतं. सगळ्यात म्हाताऱ्या माणसांची जन्मगावं आधी घ्या, कारण ८० वर्षांची आजी तुम्हाला थेट १७७० च्या आसपास नेऊन सोडते, म्हणजे नोकरीसाठी लोक शहराकडे पळायच्या बऱ्याच आधी. १८४१ च्या जनगणनेत मात्र हे जमत नाही, तिथे फक्त "याच काउंटीत जन्म, हो की नाही" एवढंच आहे, आणि १५ च्या वरची वयं पण बहुतेक ठिकाणी पाचाच्या पटीत खाली ओढलेली आहेत, त्यामुळे ३४ चा माणूस ३० चा दिसतो आणि आपण त्याला दुसराच कुणीतरी समजतो.

मोठ्या जमीनदारांच्या बाबतीत जन्मगाव पण फसवतं बरं का. पेनकॅरोचे सर विल्यम मोल्सवर्थ, जे १८५५ मध्ये वसाहत खात्याचे मंत्री झाले आणि त्याच वर्षी वारले, ते जन्मले लंडनमध्ये, १८१० साली. घर कॉर्नवॉलचं, जन्म लंडनचा.

जागेचं नाव आणि माणसाचं नाव एकात एक करणं

सर्चला मोल्सवर्थ टाकलं की ढिगाने विमानांचे फोटो येतात, कारण गावाशेजारी हवाईतळ आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे अमेरिकेचा ३०३ वा बॉम्बर ग्रुप होता आणि १९८० च्या दशकात क्रूझ क्षेपणास्त्रांच्या विरोधात तिथेच शांततावाद्यांचा तळ पडला होता. १९४३-४४ च्या नोंदीत दिसणारा "मोल्सवर्थचा" अमेरिकन सैनिक म्हणजे त्या तळावरचा माणूस, आडनाव त्याचं वेगळंच असतं. न्यूझीलंडमधलं मोल्सवर्थ स्टेशन, सुमारे १ लाख ८० हजार हेक्टरचं, देशातलं सगळ्यात मोठं फार्म, त्याच्यामुळे पण असाच गोंधळ होतो. जागेला नाव मिळालं म्हणजे तिथे त्या आडनावाची वस्ती होती असं नाही.

माणसांच्या नावात पण बघून चाला. कॅप्टन कुकच्या शेवटच्या सफरीत, १७७९ मध्ये हवाईत कुक मारला गेला तेव्हा तिथे हजर असलेला मरीन अधिकारी मोल्सवर्थ फिलिप्स, त्याचं आडनाव फिलिप्स, मोल्सवर्थ हे पहिलं नाव. बँकर रॉबर्ट मोल्सवर्थ किंडर्स्ली यांचं ते मधलं नाव, आणि ते मधलं नाव म्हणजे आपल्यासारखं वडिलांचं नाव नव्हे हे मराठी माणसाने खास लक्षात ठेवायचं, बऱ्याचदा ते आईकडचं किंवा आजीकडचं आडनाव असतं. म्हणून ते फेकून देऊ नका, तिथून बाईकडची बाजू सापडते. उलट लहान मुलांसाठी लिहिणाऱ्या मेरी लुइसा मोल्सवर्थ, १८३९ ला रॉटरडॅममध्ये जन्मलेल्या, माहेरच्या स्टुअर्ट. त्यांच्या जन्मावरून कुणी मोल्सवर्थांची हॉलंडमधली शाखा काढली तर सगळंच फसलं. आणि पेनकॅरोचं घराणं पुढे मोल्सवर्थ-सेंट ऑबिन असं जोडनाव लावायला लागलं, ते सेंट ऑबिनखाली पण शोधावं लागतं.

आडनावाचं चिन्ह विकत घेणं

थोडक्यात सांगतो, घेऊ नका. इंग्लंडात ढाल आणि चिन्ह (कोट ऑफ आर्म्स) आडनावाला मिळत नाही, एका माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतं. नुसतं मोल्सवर्थ आडनाव आहे म्हणून ते तुमचं होत नाही.

भारतातले मोल्सवर्थ एकच समजणं

आपल्याकडे दोन "मोल्सवर्थ" पुस्तकं होती. एक कोशवाला, १७९५ ते १८७१, कंपनीच्या सैन्यातला अधिकारी, थॉमस आणि जॉर्ज कँडी या भावांना सोबत घेऊन काम करणारा. दुसरा गिलफर्ड मोल्सवर्थ, १८२८ ते १९२५, रेल्वे इंजिनीअर, आधी सिलोनमध्ये मग भारत सरकारकडे, आणि इंजिनीअर लोक खिशात ठेवायचे ते सूत्रांचं छोटं पुस्तक त्याचं. तो वर सांगितलेल्या रॉचडेलच्या व्हिकारचाच मुलगा. जुन्या पत्रात नुसतं "मोल्सवर्थ मागवून घ्या" असं असेल तर लिहिणारा शाळामास्तर होता की ओव्हरसियर, ते बघूनच ठरवा.

भारतातल्या ब्रिटिशांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत, तिथे एन/१ म्हणजे बंगाल, एन/२ मद्रास आणि एन/३ मुंबई. कोशकाराचा माग घेणारे पुष्कळ जण सवयीने बंगालपासून सुरुवात करतात आणि हात हलवत परत येतात. तो मुंबई इलाख्याचा माणूस, एन/३ उघडा. मृत्यू मात्र तिथे शोधू नका, तो ब्रिस्टलजवळ क्लिफ्टनला वारला, म्हणजे ती नोंद इंग्लंडच्या सरकारी रजिस्टरमध्ये, जी १ जुलै १८३७ पासून सुरू होतात. १८७१ चं जुलै-ऑगस्ट-सप्टेंबरचं तिमाही पुस्तक काढायचं, कारण त्या याद्या महिन्यांच्या नसतात, तिमाहीच्या असतात, आणि मृत्यू कधी झाला यापेक्षा नोंद कधी झाली यावर त्या लावलेल्या असतात.